उघड्या दारांची सरासरी

ज्या वर्षी मी संख्याशास्त्र शिकलो त्याच वर्षी मी एक चूक केली, आणि ती शिकवलेलं नीट न कळल्यामुळे झाली नाही. मला कळलं होतं. वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्तच कळलं होतं. गावच्या पाहणीसाठी चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती. त्यातल्या ज्या घरांना कुलपं होती ती मी गाळली आणि त्यांच्या जागी शेजारची उघडी घरं घातली. कागदावर ही अदलाबदल कुठेच दिसत नव्हती. त्या कागदावर विश्वास ठेवून गावानं एक निर्णय घेतला आणि त्या निर्णयानं एका मुलीची शाळा सुटली. आज मी हाच विषय मुलांना शिकवतो. दर वर्षी नमुना निवडीचा पाठ आला की फळ्याकडे तोंड करून जरा जास्त वेळ लिहीत राहतो. मुलांना वाटतं, सरांना अक्षराची हौस आहे.

आमचं गाव गेवराई आणि माजलगावच्या मधलं. माजलगावच्या धरणाचा कालवा आमच्या शिवाराच्या अलीकडेच वळून गेला, म्हणून ऊस तिकडे पिकला आणि ऊस तोडायला माणसं आमच्याकडून गेली. आमचं घर आणि गावातली दूध सोसायटी यांच्यात एकच भिंत होती. आबा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे सचिव. त्यामुळे घरातलं बोलणं सोसायटीत आणि सोसायटीतलं घरात ऐकू यायचं. पहाटे जाग यायची ती कॅनच्या आवाजानं. चांगल्या वर्षी भरलेला कॅन ओट्यावर टेकला की धप्प असा आवाज जमिनीतून अंथरुणापर्यंत पोचायचा. दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षी तो आवाज गेला आणि नुसती ठणठण राहिली. आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "आज लईच हलकं हाय." मोठा भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीवर राहायला गेला होता आणि वहिनी त्याचा डबा धाडायची. ज्वारी हाती आली नव्हती. येसराची आमटी, तेल न दिसणारा ठेचा आणि रेशनच्या गव्हाच्या पोळ्या, हे आमचं रोजचं जेवण. भाकरीवर वाढलेल्या आबांना त्या पोळ्या कधी रुचल्या नाहीत. "हे पावण्याचं जेवण रोज कसं खावं," असं म्हणून ते ताट पुढे ओढायचे. टँकरचा हॉर्न वाजला की घरातलं बोलणं असेल तिथे तुटायचं. अर्ध्या वाक्यावरून कोणी उठून गेलं तर त्या काळात कोणी राग धरत नसे.

दुधाची फॅट मोजायचं काम मी शाळेत असल्यापासून करत होतो. आबांचा त्यात एक नियम होता. कॅन लांब दांड्याच्या ढवळणीनं तळापासून वर, वरून तळाला, असा नीट ढवळायचा आणि मगच बाटलीत नमुना घ्यायचा. दूध थोडा वेळ उभं राहिलं की स्निग्धांश वर चढतो. वरचंच दूध घेतलं तर सगळा कॅन आहे त्यापेक्षा चांगला ठरतो. एकदा आमच्या मामाचं दूध होतं आणि मी घाईत, थोडं प्रेमानंही, ढवळणी न घालता वरचं दूध घेतलं. आबांनी ती बाटली माझ्यासमोर मोरीत ओतली आणि ढवळणी माझ्या हातात दिली. मामा हसत म्हणाले, "भाच्याला आमची गरिबी बघवंना, दाजी." आबाही हसले, पण नमुना परत घ्यायला लावला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढे मला जे शिकवलं गेलं त्यातला अर्धा भाग मला घरीच येत होता.

बीडला एम.ए.च्या वर्गात संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र शिकवायला सय्यद सर होते. उंच, बारीक, खांदे पुढे झुकलेले, खडू संपत आला तरी चिमटीत धरून लिहिणारे. आम्ही सगळी खेड्यातली मुलं समाजशास्त्र घेऊन आलो होतो ते गणितापासून पळून, आणि इथे पुन्हा आकडे पुढे आले म्हणून हिरमुसलो होतो. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "गावात टँकर आला. हिशेब केला तर घरटी सरासरी चार घागरी पाणी. आता उठा आणि मला ते चार घागरीवालं घर दाखवा." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, सरपंचाकडं पिंप भरतो आन आमी डबडं घेऊन माघारी येतो. चार घागरीवालं कोनीच न्हाई." वर्ग हसला, सरही हसले, आणि म्हणाले, "झालं. सरासरी तुम्हाला आली. पुढचे दोन महिने मी फक्त तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा नाही, ते शिकवणार." मग त्यांनी आम्हाला मैदानात उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं आणि मधल्या माणसाला एक पाऊल पुढे यायला सांगितलं. तो मी निघालो. "याला म्हणतात मध्यक," सर म्हणाले. धड उंच नाही, धड बुटका नाही, अशा मला शास्त्रात काही नाव आहे याचा त्या दिवशी मला इतका आनंद झाला की एसटीत उभ्यानं घरी जाताना मी तो शब्द मनात म्हणत होतो.

नमुना निवडीच्या तासाला तर मीच हात वर करून कॅन ढवळण्याची गोष्ट सांगितली. सर खुर्चीवरून उठले. "मियाँ, तुम्ही हे पुस्तकाच्या आधी शिकला आहात," म्हणाले आणि फळ्यावर मोठा कॅन काढला. त्या दिवसापासून मी त्यांचा आवडता झालो. नमुना म्हणजे काय, तो यादृच्छिक का असावा, म्हणजे निवडताना आपली मर्जी, आपली ओळख, आपला कंटाळा त्यात का येऊ नये, हे त्यांनी मग माझ्या कॅनवरूनच समजावलं. आणि शेवटी म्हणाले, "चिठ्ठीत घर निघालं आणि दाराला कुलूप दिसलं, तर कुलूप लिहा. पुन्हा जा. पुन्हा कुलूप, तर पुन्हा लिहा. शेजारच्या दारात शिरू नका. कुलूपसुद्धा तुम्हाला काही सांगतंय." हे वाक्य माझ्या वहीत होतं. मी त्याखाली रेघ ओढली होती.

प्रत्येकानं आपल्या गावाची पाहणी करायची, असं ठरलं. आमच्या गावात तेव्हा एक विषय चालू होता. सोसायटीनं नुकताच एक लांब हॉल बांधला होता. ऊसतोडीला जाणाऱ्यांची शाळकरी मुलं हंगामात गावात राहावीत म्हणून त्या हॉलमध्ये वसतिगृह काढायचं, असं काही जणांच्या मनात होतं. बाहेरची एक संस्था धान्य आणि स्वयंपाकीण द्यायला तयार होती. तिची अट एवढीच, की गरज आहे हे गावानं मोजून दाखवावं. दुसरीकडे छावणीमुळे पेंड साठवायला जागा हवी होती आणि ती मागणारेही काही वाईट माणसं नव्हती. चेअरमन तात्या आबांना म्हणाले, "तुमचं पोरगं मोजनारच हाय तर त्यातच दोन सवाल घाला की. बाहेरचा मानूस कावून बोलवायचा?" सय्यद सरांनाही ते आवडलं. "पाहणी कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आधी मी घरोघरच्या चिठ्ठ्या केल्या, पातेल्यात टाकल्या आणि आईला काढायला सांगितलं, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि सरांच्या शब्दांत सांगायचं तर तिची मर्जी त्यात येणार नव्हती. आईनं आधी पातेल्याला हात लावून कपाळाला लावला. वहिनी एकेक चिठ्ठी उलगडून नाव वाचायची आणि दोघी हसायच्या. एक चिठ्ठी निघाली आणि वहिनी म्हणाली, "आत्याबाई, आपले अंबादास नाना निघाले." आई म्हणाली, "बरं झालं. गरिबाचं कवातरी नाव निघालं." अंबादास नाना म्हणजे आमच्या मागच्या बाजूचे शेजारी. ते आणि त्यांची बायको गोदाकाकू दर वर्षी कोयत्यावर जात. तोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि कोयत्यात पोरं कुठेच धरलेली नसतात.

सरांनी दिवाळीच्या आत पाहणी संपवा म्हणून बजावलं होतं. आमच्यासारख्या गावात तेव्हाच माणसं घरी सापडतात, हे त्यांना माहीत होतं. पण मला कॉलेजच्या महोत्सवातल्या नाटकात एक छोटं काम मिळालं होतं. हवालदाराचं काम, वाक्यं मोजकीच, आणि त्या मोजक्या वाक्यांसाठी मी बीडलाच राहिलो. तालमी, चहा, रात्रीचं हिंडणं. गावी पोचलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, ट्रक भरून गेले होते आणि खालच्या वस्तीत कुत्री तेवढी दारात बसलेली होती. आमच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीवर मात्र गर्दी होती. तोडीला जाताना शेजारीपाजारी घराची किल्ली आईकडे ठेवून जात. कोणती कुणाची ते कळावं म्हणून आई तिला चिंधी बांधायची. अंबादास नानांची लाल, त्यांच्या भावाची खणाची, कुणाची नुसता सुतळीचा तुकडा. अधूनमधून ती एकेक किल्ली घेऊन जायची, दार उघडायची, झाडून घ्यायची, कणगीला उंदीर लागला का बघायची आणि अमावास्येला तिथे दिवा लावून यायची. म्हणजे ज्या घरांना मी पुढे बंद म्हणून गाळलं त्यांच्या किल्ल्या माझ्याच घरात, मी जेवायला बसायचो तिथून हाताच्या अंतरावर टांगलेल्या होत्या. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. रोज दिसत होतं.

आणि त्या चुलीपुढे अंबादास नानांची वच्छी बसलेली असायची. वच्छला. सहावीत होती. गोदाकाकू धाकट्या दोघांना घेऊन गेल्या होत्या, पण वच्छीसाठी आईनं त्यांना अडवलं होतं. "वसतिगृह व्हनार हाय म्हनत्यात. तवर ऱ्हाऊ दे माझ्याकडं. पोर हुशार हाय," ती म्हणाली. नाना म्हणाले होते, "संक्रांतीपोतर बघू, वैनी. झालं तर ठीक, न्हाई तर येऊन घेऊन जाईन. धाकट्याला बगायला कोन न्हाई तिकडं." म्हणून वच्छी आमच्याकडे होती. वहिनीच्या हाताखाली लसूण सोलायची, टँकरच्या रांगेत घागर घेऊन सगळ्यात आधी पळायची, आणि संध्याकाळी माझ्या कागदांजवळ येऊन बसायची. तिला मध्यक मी पोळ्यांवरून शिकवला होता. लहान-मोठ्या पोळ्या ओळीनं मांडून मधली उचलायची. ती म्हणाली, "आन तीच मी खायची का?" वहिनीनं तिच्या डोक्यात टपली मारली. वसतिगृहाचा प्रश्न सुटेपर्यंत ती आमच्या घरातली होती, आणि प्रश्न कसा सुटणार ते माझ्या कागदांवर होतं. हे तिला माहीत होतं. मलाही.

पहिल्या कुलपापुढे मी थोडा वेळ उभा राहिलो. वहीत 'कुलूप' असं लिहिलं. दुसरं घरही बंद, तिसरंही. वहीचं पान ओकंबोकं दिसायला लागलं. ऊन चढलं होतं. शेजारच्या किसनरावांच्या ओसरीवरून हाक आली, "काय रं विलास, उन्हात कावून हुबा हायेस? ये की बे, च्या घे." मी गेलो. बसलो, गुळाचा चहा प्यालो. बोलता बोलता सगळे प्रश्न विचारून झाले, उत्तरं छान ठळक मिळाली. बंद घर चहा देत नाही. मग पुढच्या कुलपाशी मी उभासुद्धा राहिलो नाही. जवळचं उघडं दार बघितलं, आत गेलो, आणि चिठ्ठीतल्या घराच्या जागी त्याचं नाव टाकलं. मनाला सांगितलं, एकाच गल्लीतली माणसं, फरक तो काय असणार. फरक एवढाच होता की उघड्या घरांना विहीर होती, किंवा घरातलं कोणी नोकरीला होतं, म्हणून ती उघडी होती. पोरांना घेऊन गाव सोडायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती आणि मी नेमकं त्यांनाच विचारत होतो, की हंगामात तुमची शाळकरी पोरं तुमच्याबरोबर बाहेर जातात का?

असंच एका दुपारी मी ओट्यावर बसून नावं लावत होतो तेव्हा वच्छी मागे येऊन उभी राहिली.

"भाऊ, आमचं घर निघालतं न्हवं चिठ्ठीत? तुमच्या आई म्हनत होत्या."

"निघालं होतं."

"मग इचारा की मला. मी सांगते समदं."

"तुमचं घर बंद हाय गं. बंद घराचं लिहिता येत न्हाई."

ती वळली. आत गेली. मला वाटलं, विषय संपला. थोड्या वेळानं मागच्या बाजूनं कडी वाजल्याचा आवाज आला, आणि ती धापा टाकत परत आली. तिच्या हातात लाल चिंधीची किल्ली होती.

"उघडलंय," ती म्हणाली. "झाडून बी घेतलंय. चला."

मी उठून बघायला गेलो. अंबादास नानांच्या घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर तिनं पाण्याचा शिपका मारला होता. ज्या दिवसांत आम्ही तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालत होतो त्या दिवसांत तिनं आपल्या वाट्याचं पाणी उंबऱ्यावर टाकलं होतं, घर नांदतं दिसावं म्हणून. आत एक पोतं अंथरलं होतं, मला बसायला. ती समोर भिंतीला टेकून बसली आणि मोठ्या बाईसारखा पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवून म्हणाली, "इचारा." मला हसू आलं. मी विचारलं, "घरात मानसं किती?" तिनं सांगितलं. "शाळेत जाणारी?" तिनं सांगितलं. "पोरांतलं तोडीला कोण जातं?" ती म्हणाली, "ह्या वर्सी धाकटे दोघं. मी गेल्ती चौथीत आसताना, परीक्षा बुडली. आता न्हाई जायाचं मला." तिनं सगळं नीट, थांबून थांबून सांगितलं, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. मी लिहिल्यासारखं केलं. माझ्या हातातल्या कागदावर त्या जागी किसनरावांचं घर आधीच लिहून झालं होतं. ते खोडायचं तर बाकीचीही खोडावी लागणार होती.

सरासरी काढली तेव्हा ती अगदी बारीक आली. घरटी बाहेर जाणारी मुलं म्हणजे जवळजवळ नाहीतच. प्रमाण विचलनही लहान आलं. आकडे सरासरीपासून किती पांगलेले आहेत ते विचलन सांगतं. ते लहान आलं म्हणून मी खूश झालो, आपलं काम स्वच्छ झालं असं वाटलं. एकाच प्रकारची घरं घेतल्यावर आकडे पांगणार कशाला, हे मी आज पहिल्या वर्षाच्या मुलांनाही विचारतो. सय्यद सरांनी सगळे तक्ते बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, "एकही घर बंद नाही? दिवाळीनंतर? आपल्या जिल्ह्यात?" मी म्हणालो, "सर, मी पुन्हा पुन्हा जाऊन गाठलं." त्यांनी एक तक्ता पुन्हा उलटून पाहिला. मग "मेहनत केलीत," म्हणाले आणि सही केली. त्यांना शंका आली नसेल असं मला वाटत नाही. पण ज्यानं कॅनची गोष्ट सांगितली तो पोरगा असं करेल, हे त्यांच्या मनाला पटलं नसावं. ते गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो. त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

सभा त्या नव्या हॉलमध्येच झाली. सतरंजी, तात्यांसाठी खुर्ची, सगळ्यांना चहा. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी निष्कर्ष वाचून दाखवले. लोक कौतुकानं ऐकत होते, काही मोठे शब्द आले की एकमेकांकडे बघत होते. वाचून झालं तेव्हा वस्तीवरचे गणपत बाबा, वयामुळे आता तोडीला न जाणारे, मागून म्हणाले, "आरं पन वस्तीवरली घरं तर समदी बंद हायेत. ती धरली का ह्यात?"

तात्या माझ्याकडे वळले. "काय रं, वस्ती धरली व्हय?"

चिठ्ठ्यांत धरली होती. तेवढ्या आधारावर मी म्हणालो, "धरली, तात्या."

"मग झालं तर," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. "आपल्याच पोरानं मोजलंय. एवढ्या थोड्या पोरांसाठी हॉल कशाला अडकवायचा? पेंड ठिवू. जनावरं जगली तर दूध, आन दूध हाय तर सोसायटी. पुढच्या वर्सी पुन्हा बघू." माना हलल्या. वच्छी दारापाशी चहाचे कप गोळा करत होती. तिनं माझ्याकडे बघितलं का, ते मला सांगता येत नाही, कारण मी खाली बघत होतो.

घरी आल्यावर आई भाकरीचं पीठ मळत होती. त्या आठवड्यात कुठूनशी थोडी ज्वारी मिळाली होती. ती मान वर न करता म्हणाली, "अंबादासची चिठ्ठी म्याच काढलती न्हवं?" मी हो म्हणालो. "मग?" ती म्हणाली. तिनं भाकरी थापायला घेतली. तो विषय तिनं मरेपर्यंत पुन्हा काढला नाही.

संक्रांतीला नाना आले. रागावलेले नव्हते. त्यांना हे असंच होणार असं आधीपासून वाटत असावं. आईनं धपाटे, येसराची पुडी, तिळगूळ आणि स्वतःचं एक जुनं लुगडं असं सगळं बांधून दिलं. वच्छी निघताना आपल्या घरी जाऊन आली, कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली आणून स्वतःच खुंटीवर अडकवली. तिचं दप्तरही तिनं त्याच खुंटीखाली ठेवलं. "माघारी आल्यावर घेते," वहिनीला म्हणाली. ते दप्तर पुढच्या पाडव्यापर्यंत तिथेच होतं. नंतर त्यातल्या वह्या वहिनीच्या मुलानं वापरल्या. वच्छी तोडीवरून परत आली ती धाकट्याला कडेवर घेऊन. शाळेत नाव होतं, पण ती बसली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, आणि मग लग्न झालं.

मी शिकत गेलो. त्याच पाहणीच्या गुणांवर पुढचा प्रवेश मिळाला, नोकरी लागली. कितीतरी वेळा वाटलं, जाऊन सांगावं. पण दर वेळी मी असाही हिशेब करायचो, की वसतिगृह झालं असतं तरी ती शिकली असतीच कशावरून? एका घरानं सरासरी ती किती हलली असती? आपल्या विषयाचा असा उपयोग करता येतो हे मला फार लवकर कळलं होतं. यंदा एका विद्यार्थिनीनं तिच्या गावची पाहणी आणून दाखवली. पानभर 'कुलूप', 'कुलूप', 'दुसऱ्यांदा गेले, कुलूप'. ती घाबरत म्हणाली, "सर, खूप बंद घरं आलीत. पान वाईट दिसतंय. ही काढून शेजारची घेऊ का?" मी तिला "नको" एवढंच म्हणू शकलो. पुढच्या रविवारी मी माजलगावची एसटी धरली.

वच्छलाचं घर धरणाच्या पलीकडच्या वस्तीत आहे. दारात दोन म्हशी, पत्र्यावर वाळत घातलेल्या शेवया. तिनं मला लांबूनच ओळखलं. "विलासभाऊ? आवं, डोक्यावरचं समदं कुठं ठिवून आलात?" म्हणत तिनं खाट झटकली. नवऱ्याच्या कंबरेनं दगा दिल्यापासून दोघांनी कोयता सोडला आहे. थोरली मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकते आहे. हे सांगताना ती हात पुसत उभी राहिली होती. आईच्या आठवणी निघाल्या, वहिनीचं विचारून झालं, चहा झाला. मी वाक्य जुळवत होतो आणि तिच्या बोलण्यात मला ते घालायला जागा सापडत नव्हती. मग तीच थांबली.

"भाऊ, एक इचारू का? लई वर्सं मनात हाय. तुमी आता मोठं मास्तर झालात, तुमाला म्हाईत आसंल."

"विचार की."

"त्या वर्सी म्या घराचं कुलूप उघडलं, ते चुकलं व्हतं का? म्हंजे मला वाटायचं, घर बंद आसताना म्या ते उघडं दाखवलं, ते कुनीतरी पकडलं आसंल. म्हनून आमचं घर कागदातनं काढलं, पोरं कमी भरली आन वसतिगृह गेलं. मायला बी कदी सांगितलं न्हाई म्या."

म्हैस दावणीला खूर घासत होती. मी खाटेवरून उठलो, कारण बसून सांगता येईना.

"न्हाई," मी म्हणालो. "तू बरोबर उघडलंस, वच्छला. तुमचं घर चिठ्ठीत निघालतं, माझ्या आईनं हातानं काढलतं. तू सांगितलेलं म्या लिवलंच न्हाई. तुमच्या जागी किसनरावाचं घर लिवलं, आन सभेत तात्यानं इचारलं तवा वस्ती धरली म्हनून सांगितलं. कुनी पकडलं न्हाई. पकडायला पायजे होतं. तुझी शाळा माझ्यामुळं सुटली. मला माफ कर."